विक्रम थांबला म्हणजे शरीर थांबलं का?

श्रोतेहो, नमस्कार.

माणूस जास्तीत जास्त किती वेगानं पळू शकेल, हे कधी तरी नक्की कळेल का? उत्तराकडे वळण्याआधी दोन स्वीडिश धावपटूंची गोष्ट ऐका. संधी मिळेल तिथे मी ती सांगतो, आणि आजचाही बराचसा वेळ तिलाच देणार आहे.

साल १९४२. युरोपभर महायुद्ध पेटलेलं. स्वीडन मात्र तटस्थ, त्यामुळे तिथल्या शर्यती चालू होत्या. गुंडर हेग हा लाकूडतोड्याचा मुलगा, अग्निशमन दलात नोकरीला. आर्ने अँडरसन हा शाळामास्तर. हेग पळायचा लांब ढांगा टाकत, अगदी सहज. अँडरसन अंगातलं सगळं बळ पणाला लावायचा. आपल्या गोष्टीतली शर्यत मैलाची. मैल म्हणजे १६०९ मीटर, मैदानाला जवळजवळ चार फेऱ्या. तेव्हाचा जागतिक विक्रम होता ४ मिनिटं ६.४ सेकंद.

१ जुलै १९४२ ला हेगनं तो ४ मिनिटं ६.२ सेकंदांवर आणला. दहा दिवस व्हायच्या आतच अँडरसननं नेमकी तीच वेळ नोंदवून बरोबरी केली. सप्टेंबरात हेग ४ मिनिटं ४.६ सेकंदांवर. त्या उन्हाळ्यात हेगला जणू थांबणंच माहीत नव्हतं. ८२ दिवसांत त्यानं वेगवेगळ्या अंतरांचे मिळून दहा जागतिक विक्रम केले! पुढच्या वर्षी अँडरसनची पाळी: ४ मिनिटं २.६ सेकंद. १९४४ मध्ये पुन्हा अँडरसन, माल्मो शहरात: ४ मिनिटं १.६ सेकंद. मग १७ जुलै १९४५, पुन्हा माल्मो. दोघं एकाच शर्यतीत, आणि हेग पहिला. ४ मिनिटं १.४ सेकंद.

हिशेब करा. तीन वर्षांत पाच सेकंद. दोनच माणसं, एकमेकांच्या मागे लागून. चार मिनिटं आता दीड सेकंदावर आली होती.

आणि तिथेच सगळं थांबलं. शर्यतींसाठी पैसे घेतल्याच्या ठपक्यावरून दोघांवर कायमची बंदी आली. त्या काळी पळणारा हौशीच असायला हवा, असा नियम होता. मला तो नियम तेव्हाच्या खेळातला सर्वांत मोठा अन्याय वाटतो. ज्याच्या घरी पैसा आहे त्यानं हौस करावी, आणि लाकूडतोड्याच्या मुलानं पळून चार पैसे मिळवले तर त्याला बाहेर काढावं!

पुढची नऊ वर्षं तो विक्रम जागचा हलला नाही. नऊ वर्षं! या काळात चार मिनिटांची भिंत ही गोष्ट जगभर पसरली, कदाचित माणसाच्या शरीराला हे जमणारच नाही असं बोललं जाऊ लागलं. शेवटी ६ मे १९५४ ला ऑक्सफर्डमध्ये रॉजर बॅनिस्टर या वैद्यकीय विद्यार्थ्यानं ३ मिनिटं ५९.४ सेकंदांत मैल पुरा केला. दीडच महिन्यानं ऑस्ट्रेलियाच्या जॉन लँडीनं तोही विक्रम मोडला.

ही गोष्ट नेहमी मनाच्या ताकदीची म्हणून सांगितली जाते. एकानं भिंत पाडली आणि बाकीच्यांना धीर आला, वगैरे. बॅनिस्टरबद्दल मला अपार आदर आहे, पण हे मला पटत नाही. एकीकडे युद्धानं बहुतेक देशांतली तरुण पिढी मैदानाबाहेर ठेवली होती. दुसरीकडे जे दोघं सर्वांत जवळ पोचले होते, त्यांना नियमानं घरी बसवलं. थांबला होता विक्रम. शरीर थांबलं नव्हतं.

जाता जाता एक सांगतो. ऑलिंपिकमध्ये मैल नाही, १५०० मीटर आहे, याची मला फार खंत आहे. चार फेऱ्या, चार मिनिटं! रेडिओवर ऐकणाऱ्यासाठी याहून सोपी शर्यत नाही. १५०० मीटरच्या पावणेचार फेऱ्या कानाला कधीच धड लागत नाहीत.

असो. शास्त्र काय म्हणतं, ते थोडक्यात. लांब पळताना तीन गोष्टी महत्त्वाच्या: शरीर किती प्राणवायू वापरू शकतं, त्यातला किती भाग न दमता बराच वेळ वापरता येतो, आणि एवढ्या इंधनात किती वेग मिळतो. १९९१ मध्ये मायकेल जॉयनर या अमेरिकन संशोधकानं तिन्हींची उत्तम मापं एकाच माणसात आहेत असं धरलं आणि मॅरेथॉनची वेळ काढली: १ तास ५७ मिनिटं ५८ सेकंद. तेव्हाचा विक्रम होता २ तास ६ मिनिटं ५० सेकंद. गणित चोख आहे. पण तिन्ही मापं एका देहात घेऊन कुणी जन्मलं, तरी ते शर्यतीत उतरेल का?

कारण उतरायला मिळणं हीच मोठी गोष्ट. १९२८ च्या ऑलिंपिकनंतर ८०० मीटर बायकांना झेपत नाही असं ठरवून ती शर्यत १९६० पर्यंत बंद ठेवली. बायकांची पहिली ऑलिंपिक मॅरेथॉन १९८४ ची, जोन बेनॉइटनं २ तास २४ मिनिटं ५२ सेकंदांत जिंकलेली. २०२३ मध्ये बर्लिनला इथियोपियाच्या तिगिस्त असेफानं २ तास ११ मिनिटं ५३ सेकंद नोंदवले. चाळीस वर्षांच्या आत तेरा मिनिटं!

त्याच २०२३ मध्ये केनियाचा केल्विन किप्टम आपल्या तिसऱ्याच मॅरेथॉनमध्ये, शिकागोत, २ तास ३५ सेकंदांत आला. चार महिन्यांनी मोटार अपघातात तो गेला, अवघ्या चोविसाव्या वर्षी. त्याचं शरीर कुठवर गेलं असतं, हे कोणतंही गणित सांगणार नाही.

म्हणून माझं उत्तर असं. सीमा आहे, स्नायू आणि फुप्फुसं अमर्याद नाहीत. पण उद्या कुणी खरोखर त्या सीमेवर पळालं, तरी घड्याळात दिसेल तो आणखी एक विक्रम. तो पुढे मोडत नाही एवढाच पुरावा हाती राहील, आणि न मोडणारा विक्रम तर आपण १९४५ नंतर नऊ वर्षं पाहिलाच आहे.

मैलाचा विक्रम १९९९ मध्ये रोमला मोरोक्कोच्या हिशाम अल गरूजनं केला, ३ मिनिटं ४३.१३ सेकंद. पंचवीस वर्षं उलटून गेली. त्या रात्री केनियाचा नोआ न्गेनी त्याच्या मागे पाव सेकंदावर होता. माझा अंदाज विचाराल, तर हाही विक्रम मोडेल, आणि मोडणाऱ्याच्या पाठीशी असाच कुणी दुसरा लागलेला असेल. नमस्कार.