साडेसात ते साडेसात

[दृश्य: डोंबिवली पूर्व. जुनी चार मजली इमारत. दुसऱ्या मजल्यावरचं उघडं दार.]

निवेदन:

साडेसातला पाच कमी आहेत. दार उघडंच ठेवलंय, कारण बेल वाजवायला आता कुणाचा हात मोकळा नसतो. एका खांद्यावर ऑफिसची पर्स, दुसऱ्यावर पेंगुळलेली पोर, मनगटाला अडकवलेली कापडी पिशवी. ही आई उंबऱ्याच्या आत येत नाही. चप्पल काढली की गाडी चुकते.

पोर दीड वर्षाची. हे पाळणाघर चालवणाऱ्या काकू तिला ठमाबाई म्हणतात, आपणही तेच म्हणू. ठमाबाई काकूंच्या खांद्यावर जातात आणि भोकाड पसरतात. आई "येते हं संध्याकाळी" म्हणून जिना उतरते. काकूंचा नियमच आहे, लक्ष चुकवून सटकायचं नाही. नजर चुकवून गेलं की मूल दिवसभर दाराकडे बघत बसतं. सांगून गेलं तर रडतं, पण खेळायला लागतं.

[दृश्य: पिशवी उघडते. जवळून.]

दोन झबली, चार डायपर, एक दुपटं, डबा. एक स्टीलची वाटी, तिच्यावर पणजीचं नाव कोरलेलं. लग्नातल्या आहेराची असावी. आणि तळाशी आईच्या जुन्या ओढणीचा तुकडा, धुऊन धुऊन विरलेला. याच्याशिवाय ठमाबाई झोपत नाहीत. पिशवीत काय असेल ते असो, चिंधी हवी.

ठमाबाई इथे पहिल्यांदा आल्या तेव्हा पाच महिन्यांच्या होत्या. बाळंतपणाच्या रजेच्या कायद्याने २०१७ च्या दुरुस्तीपासून पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा मिळते. त्यातले जास्तीत जास्त आठ आठवडे बाळंतपणाआधी घेता येतात. पाय सुजलेले, लोकलची गर्दी, म्हणून आईने महिनाभर आधीच रजा टाकली होती. डॉक्टर सांगतात, सहा महिने फक्त अंगावरचं दूध, मग वरचं खाणं. म्हणजे उष्टावणाची वाटी हातात घ्यायची वेळ येते, तेव्हा आई कामावर रुजू झालेली असते. हा हिशेब कुणी मुद्दाम केलेला नाही, पण चमचा हातात कुणाच्या येतो ते त्यानेच ठरतं. बाबाच्या रजेची गोष्ट तर सुरू होताच संपते. केंद्र सरकारच्या नोकरीत १५ दिवस, खासगीत कायद्याने काहीच नाही.

याच कायद्यात आणखी एक तरतूद आहे. पन्नास किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथे पाळणाघराची सोय हवी, आणि आईला दिवसातून चार वेळा मुलाकडे जाता आलं पाहिजे. चांगलीच तरतूद आहे. फक्त ती लिहिणाऱ्याने सकाळी आठला डोंबिवलीच्या फलाटावर उभं राहून बघावं. सीएसएमटी इथून साधारण ४८ किलोमीटर. त्या डब्यात पर्स पोटाशी धरावी लागते, तिथे मूल कुठे धरणार? म्हणून पाळणाघर घराजवळचं. चार वेळा भेटायचं राहू द्या, एकदाही जमत नाही.

दुसरा रस्ता आजीचा. तोही करून झालाय. आजी गावाहून आली, तीन महिने राहिली. बाळगुटी उगाळायची सहाण घेऊन आली होती. डॉक्टर म्हणाले, सहा महिने पाणीसुद्धा नको. सहाण ओट्याखाली गेली, आजी गप्प झाली. तिकडे आजोबा एकटे, गुडघे दुखणारे, सकाळच्या भाकऱ्या शेजारून येणाऱ्या. मुलं सांभाळायला आजी हवी हे म्हणायला सोपं असतं. तिचं स्वतःचं घर कुणी धरत नाही हिशेबात.

[दृश्य: दुपार. सतरंजीवर गोलात बसलेली सात मुलं.]

मऊभात, वरण, वर तूप. इथे मोबाईल नाही. दोन वर्षांच्या आतल्या मुलांना पडदा नकोच असं जागतिक आरोग्य संघटना म्हणते, पण काकूंचं कारण वेगळं आहे. "एकाला दाखवला की सातजण जेवायचे थांबतात." मग चिऊचा घास, काऊचा घास, आणि जो तोंड उघडत नाही त्याचा घास शेजारच्याला देण्याची धमकी. घरी मात्र रात्री नऊला तीच ठमाबाई मोबाईल पाहत जेवते. आई आमच्याशी हे बोलताना खाली बघत होती. खरं तर खाली बघण्यासारखं काही नाही. रात्री नऊला तिच्याकडे चिऊ-काऊ उरलेले नसतात.

काकूंची एक वही आहे. कोण किती जेवलं, शी किती वेळा, कुणाला कणकण. परवाची नोंद: "दंडाला चावा, बर्फ लावला." कुणी चावलं ते लिहिलेलं नाही. विचारलं तर काकू हसल्या. "दोघांचे आईबाप एकाच इमारतीत राहतात. पोरं उद्या विसरतील, ते वर्षभर नाही विसरणार."

भांडी विसळणाऱ्या ताई मघापासून दिसताहेत. त्या इथे मदतीला असतात. त्यांची साडेतीन वर्षांची मुलगी अंगणवाडीत जाते. अंगणवाड्या १९७५ पासून चालू आहेत, खाऊ मिळतो, वजन होतं, गाणी होतात. पण दुपारपर्यंतच. मग ताई धावत जाऊन तिला आणतात आणि ती आठवी म्हणून सतरंजीवर बसते. तिची फी नाही. तिचं नाव वहीतही नाही, वाटी मात्र आहे.

[दृश्य: संध्याकाळ. जिन्यातला दिवा.]

सात वीस. फोन येतो, गाडी मुंब्र्याच्या पुढे उभी आहे. सहा मुलं गेलीत. ठमाबाई चप्पल उलटी घालून दारात.

आठ वाजता आई येते. "काय खाल्लं?" हा पहिला प्रश्न. वाटी धुऊन पिशवीत, डबा पिशवीत, पोर कडेवर. जिना उतरून दोघी रस्त्यावर पोचतात.

[दृश्य: रिकाम्या सतरंजीवर ओढणीचा तुकडा.]

दोन मिनिटांनी जिन्यात पुन्हा पावलं वाजतात. या वेळी आई चप्पल काढून आत येते.