भट्टी जागी आहे

[दृश्य : सीएसएमटीचा फलाट. रिकामी लोकल. सफाई कामगार झाडू घेऊन डब्यात चढतो.]

शेवटची लोकल गेली. आता पहाटे चारपर्यंत या स्थानकातून लोकल नाही. मधल्या तासांत मुंबई झोपते असं ज्यांना वाटतं, त्यांनी इथून उत्तरेला चालायला लागावं.

[दृश्य : क्रॉफर्ड मार्केटचा मनोरा. फळांच्या रिकाम्या पेट्या. हातगाडीवर झोपलेला हमाल.]

ही महात्मा जोतिबा फुले मंडई. तोंडात अजून क्रॉफर्ड मार्केटच. १८६९ सालची वास्तू. तिच्या पुढ्यातून मोहम्मद अली रोड सुरू होतो आणि डोक्यावर जेजेचा उड्डाणपूल. सुमारे अडीच किलोमीटर लांबीचा पूल, २००२ पासून वाहता. गाडीतून जाणारा माणूस पाच मिनिटांत पलीकडे उतरतो आणि खाली काय शिजतंय, याचा त्याला वाससुद्धा येत नाही.

आम्ही खालून चाललो. दोन रात्री, फेब्रुवारी २०२५. रमजान सुरू व्हायला अजून दोन आठवडे होते. ही तारीख मुद्दाम निवडली. रमजानमध्ये या रस्त्यावर सगळी मुंबई लोटते, पाय ठेवायला जागा नसते आणि प्रत्येक कढई कॅमेऱ्यासाठी सजलेली असते. एखाद्या वस्तीचं रात्रीचं जेवण ओळखायचं असेल तर साध्या मंगळवारी जावं.

[दृश्य : पुलाखाली ओळीने उभ्या काळ्यापिवळ्या टॅक्सी. एकीचा दरवाजा उघडा, चालक बोनेटवर ताट ठेवून जेवतोय.]

रात्री दीड वाजता चांगली जागा कशी शोधायची? फोनवरचे तारे इथे फारसे उपयोगी नाहीत. ते संध्याकाळी आठला आलेल्यांनी दिलेले असतात. टॅक्सी बघा. टॅक्सीवाला रोज रात्री बाहेर जेवतो, त्याला महाग परवडत नाही आणि पोट बिघडलं तर दुसऱ्या दिवसाची कमाई जाते. तो जिथे दरवाजा उघडा टाकून बसलाय, तिथे थांबा.

दुसरं, पाटीवर पन्नास पदार्थ असलेलं दुकान सोडून द्या. रात्री चांगलं तेच मिळतं जे एकच गोष्ट करतात आणि जे संपलं की शटर ओढतात. आत शिरल्यावर विचारायचं, “चाचा, अभी क्या ताज़ा उतरा है?” ज्याच्याकडे उत्तर तयार असतं, तो खरा.

[दृश्य : तवा. मैद्याची पारी हवेत ताणली जाते. क्लोज-अप, हात.]

हा बैदा रोटीचा तवा. चार माणसं भोवती उभी राहतील एवढा. गोळा तेलात मुरलेला असतो, म्हणून तो फाटत नाही. दोन्ही हातांनी ताणत नेतात, इतका की पलीकडचा दिवा दिसावा. मग खिमा, वर फोडलेलं अंडं, चारी कडा आत, चौकोनी पाकीट, आणि तव्यावर चर्र. दर मिनिटाला एक. हा कारागीर संध्याकाळी सातपासून उभा आहे.

[दृश्य : मिनारा मशिदीचे हिरवे दिवे. गल्ली. मालपुव्याची कढई.]

मिनारा मशिदीच्या शेजारची गल्ली. इथलं सुलेमान उस्मान मिठाईवाला हे नाव १९३६ पासूनचं. मालपुव्याचं पीठ सैल, त्यात अंडं. कढईत सोडलं की कडा जाळीदार होतात आणि मधला भाग मऊ राहतो. एक मालपुवा दोघांना पुरतो. आणि हे मातीच्या शिकोऱ्यांतल्या फिरनीचे, म्हणजे तांदळाच्या घट्ट खिरीचे, थर लावलेलं कपाट. माती पाणी शोषते, म्हणून फिरनी चमच्याने कापावी लागते. काचेच्या वाटीतली फिरनी आणि ही, यांत हाच फरक.

गोड इथे खाऊन घ्या. पुढे गोड नाही.

[दृश्य : चालत जाणारा कॅमेरा. पागडीवर दिलेल्या जुन्या भाड्याच्या इमारती, लाकडी गॅलऱ्या, बांधकामाची पत्र्याची भिंत, त्यामागे मनोरा.]

भेंडीबाजार. साहेबाच्या “बिहाइंड द बाजार”वरून हे नाव पडलं असं सांगतात, तर कुणी भेंडीच्या झाडांवरून. मला झाडांची गोष्ट जास्त खरी वाटते. गाण्यातलं भेंडीबाजार घराणं याच गल्ल्यांतलं. आता साडेसोळा एकरांवरच्या सुमारे अडीचशे जुन्या इमारती टप्प्याटप्प्याने उतरवून मनोरे उभे राहतायत. लोकांना पक्की घरं मिळतायत, आणि ती मिळायलाच हवीत.

[दृश्य : अंधारी गल्ली. एका दारातून केशरी उजेड. बेकरी.]

आता इथे थोडं थांबूया.

पाव हा शब्द पोर्तुगिजांचा. मुंबईला तो गोव्याच्या पोदेरांनी, म्हणजे पाव भाजणाऱ्यांनी, शिकवला, मग इराण्यांनी उचलला आणि आज रात्रीच्या भट्टीपाशी बहुतेक उत्तरेकडून आलेले कारागीर दिसतात. पण काम तेच राहिलंय. रात्री दहाला पीठ मळलं. मैदा, पाणी, मीठ, खमीर. लाकडी पेटीत ते फुगायला ठेवलं. बाराला गोळे तोडले. वजनकाटा बाजूला पडून आहे, तो कुणी वापरताना आम्हाला दिसला नाही. हाताला वजन कळतं.

[दृश्य : भट्टीचं तोंड. आत ज्वाळा. कारागिराचा चेहरा.]

ही भट्टी म्हणजे विटांचा बुटका घुमट. आधी आतमध्येच लाकडं जाळतात. दोन-तीन तास. विटा ती आग पिऊन घेतात. मग निखारे एका कडेला ओढायचे आणि ओल्या गोणपाटाने भट्टीची जमीन पुसायची. हा फुस्स आवाज ऐका. आता आत जाळ नाही, नुसता ताप आहे. तो योग्य आहे का हे बघायला कारागीर चिमूटभर मैदा आत फेकतो. मैदा लगेच काळा पडला तर थांबायचं, हळूहळू तांबूस झाला तर पहिली लादी आत.

लांब दांड्याच्या फावड्याने लाद्या एकेक करून शेवटच्या कोपऱ्यापर्यंत सरकवायच्या. जी आधी गेली ती आधी येत नाही. कुठला कोपरा जास्त तापतो हे ज्याचं त्याला माहीत. आम्ही विचारलं, हे शिकायला किती दिवस लागतात? त्याने फावडं थांबवलं नाही. म्हणाला, “दिन नहीं, हाथ जलने पड़ते हैं।”

[दृश्य : मनगटावरचे जुने डाग. मग बाहेर येणारी लादी, वाफ.]

एकदा तापलेली भट्टी पहाटेपर्यंत पाव देते. सुरुवातीचा कडक ताप ब्रून या कडक कवचाच्या पावाला, मग लादी पावाला, आणि शेवटी विटांत उरलेल्या उबेवर खारी आणि टोस्ट सुकतात. वाया काही जात नाही. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने शहरातल्या लाकडा-कोळशाच्या भट्ट्यांना गॅस किंवा विजेवर जायला सहा महिन्यांची मुदत दिली. हवा खराब आहे, हे खरंच आहे. ती मुदत त्याच वर्षी जुलैमध्ये संपली; आमचं चित्रण त्याआधीचं.

[दृश्य : सायकलवर पावाची भलीमोठी गोणी. सायकल गल्लीतून वळते. कॅमेरा मागोमाग.]

या सायकलच्या मागे जायचं. जिथे ती पहाटे थांबते, तिथे खायला बसायचं. गरम पाव ज्या दुकानात पहिल्यांदा उतरतो, ते दुकान रात्रीच्या गिऱ्हाइकाला शिळं घालत नाही. ही खूण मला एका वॉर्डबॉयने दिली होती. चार वर्षांपूर्वी माझे काका जेजेत होते. सर ज. जी. रुग्णालय, १८४५ पासूनचं. राज्यभरातून आलेले नातेवाईक रात्री बाहेरच्या पायऱ्यांवर सतरंजी टाकून असतात. रात्री दोनला मी त्या वॉर्डबॉयला विचारलं, दादा, इथे खायला काय मिळेल? तो म्हणाला, पाववाल्याच्या मागे जा, बोहरी मोहल्ल्यात.

[दृश्य : सायकल थांबते. ओटा. ओट्यात बसवलेल्या हंड्यांची तोंडं, वर झाकणं.]

ही बारा हंडी.

मोजून घ्या. ओट्याखाली एकच जाळ, आणि ओट्यात गळ्यापर्यंत पुरलेल्या हंड्या. प्रत्येकीत वेगळं. एकीत पाये. एकीत नळी, म्हणजे आत मज्जा असलेलं हाड. एकीत पिछोटा, शेपटीचा भाग. एकीत बोंग, पायाच्या पिंढरीचं मांस. गायवर्गीय कत्तलीवर २०१५ मध्ये पूर्ण बंदी आल्यापासून इथे म्हशीचं मांस असतं. स्वस्तातले भाग, जे झटपट शिजत नाहीत, म्हणून ज्यांच्याकडे वेळ होता त्यांनीच ते शिजवायला शिकून घेतले.

[दृश्य : आदल्या संध्याकाळचं चित्रण. हाडं धुतली जातायत. मसाला. झाकणाच्या कडेने कणकेची वळी लावली जाते.]

हे आदल्या संध्याकाळचं. हाडं तीन पाण्यांतून काढली. बडीशेप, सुंठ, आलं-लसूण, लाल मिरची. पाणी बेताचं. झाकण ठेवून कडेने कणकेची वळी दाबून बसवली, म्हणजे वाफ आतच कोंडते. मग जाळ मंद करायचा आणि पहाटेपर्यंत तो मंदच ठेवायचा. हेच सगळ्यात अवघड काम. जाळ वाढला तर हाडापासून मांस सुटून गाळ होतो, विझला तर पाये रबरासारखे राहतात. म्हणून एक माणूस रात्रभर ओट्यापाशी बसतो. काही ढवळत नाही. फक्त लाकूड पुढे-मागे करतो.

[दृश्य : तो माणूस. बराच वेळ. आवाज फक्त जाळाचा.]

[निवेदन नाही. २० सेकंद.]

[दृश्य : घड्याळ, पाच वाजायला दहा मिनिटं. कणकेची वळी सुरीने कापली जाते. वाफ.]

पहाटे पाचच्या आधी वळी कापतात. पहिला डाव एका हंडीचा, दुसरा दुसरीचा, वर तिसरीतली तर्री. या मिश्रणाला इथे भेळ म्हणतात. चुरमुऱ्यांची नाही, हंड्यांची भेळ. सोबत पाव, अजून कोमट. पाव बुडवायचा, थांबायचं, मग उचलायचा.

अशाच रात्रभर शिजलेल्या मांसाला निहारी म्हणतात. नहार म्हणजे सकाळ, दिवस. निहारी म्हणजे सकाळचं खाणं. आपल्या मावळातला शेतकरी नांगर थांबवून बांधावर जी न्याहारी सोडतो, तो शब्द याच घरातला. फारसीतून एक वाट या गल्लीत आली, दुसरी आपल्या शिवारात गेली. राबणाऱ्या माणसाचं सकाळचं पहिलं खाणं, दोन्हीकडे.

[दृश्य : बाकड्यावर बसलेली माणसं. हमाल, डोक्याला मुंडासं. पालिकेचा सफाई कामगार, केशरी जाकीट. फजरच्या, म्हणजे पहाटेच्या, नमाजाहून आलेले दोन वृद्ध. गळ्यात स्टेथोस्कोप अडकवलेला निवासी डॉक्टर.]

मशीद बंदरच्या गोदामांत ट्रक रात्री लागतात. पाठीवर गोणी घेणारे यातले अनेक जण सातारा, पुणे, सांगलीकडचे. माथाडी कायदा १९६९ चा, पण या माणसाला पहाटे गरम काय मिळणार हे कुठल्या कायद्यात लिहिलेलं नाही. ते या बाकड्यावर ठरतं. दुकानं आणि हॉटेलं चोवीस तास उघडी ठेवायची मुभा राज्याच्या २०१७ च्या कायद्याने दिली. ऑक्टोबर २०२५ मध्ये सरकारने पुन्हा आदेश काढून तेच सांगितलं, दारू विकणाऱ्या जागा वगळून. कागदावर रात्र मोकळी आहे. जागं राहणाऱ्या भट्ट्या मात्र बोटांवर मोजाव्या लागतात.

इथे बाकड्यावर जागा राखून ठेवत नाहीत. खाऊन झालं की उठायचं, मागचा उभा असतो. पैसे खाल्ल्यावर. ताट स्वतःच ओट्यापाशी नेऊन ठेवलं तर ओट्यावरचे चाचा मान हलवतात.

[दृश्य : हंडीत डाव तळाला लागल्याचा आवाज. झाकण उलटं ठेवलं जातं.]

उलटं झाकण म्हणजे ती हंडी संपली. सातपर्यंत बहुतेक झाकणं उलटी होतात. उशिरा आलेल्याला पुन्हा उद्या.

[दृश्य : काउंटरवर स्टीलचा दोन पुड्यांचा डबा. लुगडं नेसलेली एक वृद्ध बाई पैसे मोजतेय.]

या मावशी बीडहून आल्यात. नवरा वॉर्डात, सातवा दिवस. स्वतः मटण खात नाहीत. डॉक्टरांनी त्याला पायाचा रस्सा चालेल म्हटलंय, म्हणून पहिल्या दिवशी कुणीतरी इथवर आणून सोडलं, आता वाट पाठ झालीय. चाचा तर्री बाजूला सारून खालचा पातळ रस्सा डब्यात घालतात. “माँजी, तीखा नहीं डाला।” त्या म्हणतात, “बरं बाबा.”

[दृश्य : मावशी डबा पदराखाली धरून उजाडत्या रस्त्यावरून जेजेच्या फाटकाकडे चालत जातात. वर पुलावरून पहिल्या गाड्या. कॅमेरा थांबतो, त्या चालत राहतात.]