ड्रेपरीवाल्याकडे जाण्याआधी

श्रोतेहो, नमस्कार.

शाळेचं स्नेहसंमेलन जवळ आलं की जळगावात काय नि धुळ्यात काय, ड्रेपरीवाल्याच्या दुकानात पालकांची झुंबड उडते. अनामत भरायची, पोलिसाचा नाहीतर डॉक्टरचा पोशाख एका दिवसापुरता आणायचा, मुलाला त्यात कोंबायचं, ‘सांडू नको, मळवू नको’ म्हणून सतरा वेळा बजावायचं आणि संध्याकाळी तो परत नेऊन द्यायचा. मूल स्टेजवर जातं, पाठ केलेली दोन वाक्यं म्हणतं, कधी तीही विसरतं. फोटो मात्र झकास येतो. तो पोशाख बघणाऱ्यांसाठी असतो. आज मला बोलायचंय ते खेळणाऱ्याच्या पोशाखाबद्दल: घरातल्या टाकाऊ चीजवस्तूंतून केलेला, वर्षभर हाताशी असणारा, आणि फाटला तरी कुणी रागावणार नाही असा.

मी बालवाडीत शिकवते. तीन ते सहा वर्षांची मुलं. या वयात अख्खा गणवेश लागतच नाही, एक खूण पुरते. हातात लाल-हिरवं फडकं आलं की भुसावळचा रेल्वेवाला तयार. बाकीचं सगळं मूल स्वतःच्या डोक्यातून भरून काढतं, आणि खेळाची खरी मेहनत तीच. रशियन मानसशास्त्रज्ञ लेव्ह व्हायगॉट्स्की यांनी 1933 साली एका व्याख्यानात हेच मांडलं होतं: खेळताना मूल आपल्या वयापेक्षा मोठं होऊन वागतं. मला वाटतं, पोशाख फार हुबेहूब झाला की मुलाला करायला काही उरत नाही.

आमच्याकडे सगळ्यात जास्त मागणी कंडक्टरला. “बाई, माले कंडक्टर व्हवानं शे” असं रोज कुणीतरी म्हणतंच. तर त्याची पिशवी सांगते. घरातली जुनी जीन्स किंवा खाकी पॅन्ट घ्या. पाय गुडघ्याखाली वीतभर कापून काढा, त्या तुकड्याचं एक तोंड शिवून टाका, झाली पिशवी. पॅन्टच्या कमरेची पट्टी लुप्यांसकट कापली की पट्टा आयताच मिळतो. तो गळ्यात अडकवू नका, कमरेला बांधा, का ते पुढे सांगते. तिकिटांसाठी मागच्या वर्षीच्या कॅलेंडरची पानं दोन-दोन बोटांच्या पट्ट्यांत कापायची आणि एका पुठ्ठ्यावर रबर लावून गठ्ठे बसवायचे. एसटीत आता मशीन आलंय, हो, पण मुलांना जुना ट्रेच हवा असतो. मशीनमधून तिकीट आपोआप बाहेर येतं, ट्रेमधलं टर्रकन फाडायला मिळतं! पंच म्हणून कपड्यांचा चिमटा चालतो. घंटेला वाटी नि चमचा. एक ठोका म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. हे मुलांना आपल्याला शिकवावं लागत नाही.

मग खुर्च्या एकामागे एक लागतात आणि गाडी निघते. “कथा जानं शे?” “पारोळा. दोन फुल, एक हाफ.” “सुट्टे द्या.” एरवी वर्गात तोंड न उघडणारं पोर कंडक्टर झालं की सगळ्या गाडीला दरडावतं. 2023 च्या मार्चपासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट झालं, तेव्हापासून आमच्या गाडीतल्या मुली पूर्ण पैसे द्यायला तयारच नसतात. “बायास्ले हाफ शे!” म्हणून भांडतात आणि कंडक्टरला पुन्हा हिशोब करावा लागतो. बेरीज-वजाबाकीचा इतका चांगला तास मला फळ्यावर घेता आलेला नाही.

डॉक्टर करायचा तर वडिलांचा जुना पांढरा शर्ट. बाह्या कोपरापाशी कापा, खालची लांबी मुलाच्या गुडघ्यावर आणा, धारेला दुमड घाला. बटणं काढून वेल्क्रो लावा, म्हणजे मुलाला स्वतःच घालता-काढता येतो. हे महत्त्वाचं आहे. दर वेळी मोठ्या माणसाला हाक मारावी लागली की खेळ मोडतो.

स्टेथोस्कोपची तर गंमतच आहे. 1816 साली पॅरिसमध्ये रेने लेनेक नावाच्या डॉक्टरांना एका बाईंचं हृदय तपासायचं होतं आणि छातीला थेट कान लावणं त्यांना प्रशस्त वाटेना. त्यांनी कागदाची घट्ट सुरळी केली, एक टोक रुग्णाच्या छातीवर ठेवलं, दुसरं स्वतःच्या कानाला. ठोके आधीपेक्षा स्पष्ट आले. पहिला स्टेथोस्कोप कागदाचाच! कापडाच्या दुकानात ताग्यातली पुठ्ठ्याची नळी मागितली तर सहज देतात. तिचा वीतभर तुकडा आजोबांच्या छातीला लावा, मुलाला खरोखर ठोके ऐकू येतात. ज्यांना गळ्यातला हवा असेल त्यांच्यासाठी ठिबक सिंचनाची बारीक नळी आहे, आपल्या भागात तिला काय तोटा! तिच्या टोकाला बरणीचं प्लास्टिकचं झाकण अडकवा. त्यातून काही ऐकू येत नाही, पण दिसतो रुबाबदार.

आता हेल्मेट. बांधकामावरचा मिस्त्री, अग्निशमन दलाचा जवान, वीज मंडळाचा वायरमन, तिघांना एकच चालतं. मुलाच्या डोक्यापेक्षा जरासं मोठं पातेलं उपडं घाला, बाहेरून तेलाचा हात फिरवा. वर्तमानपत्राच्या पट्ट्या फाडा. कात्रीनं कापू नका, फाडलेल्या कडा एकमेकींत छान मुरतात. पहिला थर नुसत्या पाण्यात भिजवून लावा, म्हणजे पातेल्याला चिकटत नाही. त्यावर कणकेच्या खळीचे पाच-सहा थर. खळीत मेथीची पूड घाला, कीड लागत नाही; कागदाच्या लगद्याच्या टोपल्या करणाऱ्या आपल्या आज्या हेच करत. खान्देशातल्या मे महिन्यात पत्र्यावर ठेवलंत तर एका दिवसात खडखडीत वाळतं. एरवी या उन्हाला आपण शिव्याच घालतो.

आपल्याकडे आणखी एक काम मुलं हमखास मागतात, ते म्हणजे फवारणी. घरी कपाशी, बाप पाठीवर पंप लावून जाताना रोज दिसतो, मग पोराला तेच हवं. द्या की. दोन-दोन लिटरच्या दोन बाटल्या चिकटपट्टीनं जोडा, जुन्या ओढणीचे दोन पट्टे पाठीवर अडकवायला. पण बाटल्या थंड पेयाच्याच. फवारणीच्या औषधाचा रिकामा डबा कितीही धुतला तरी तो मुलाच्या हाती द्यायचा नाही. डब्यावरचा रंगीत त्रिकोण बघा: लाल सगळ्यात जहाल, मग पिवळा, मग निळा, शेवटी हिरवा. खेळासाठी मात्र हिरवाही नको. खताची आणि सिमेंटची गोणीही नको. डाळमिलची, गव्हाची, तांदळाची पिशवी धुऊन, उन्हात वाळवून वापरा. तिचे धागे सुटतात म्हणून कडेला जुन्या साडीचा गोट मारायचा. तांदळाच्या पिशवीला गळा आणि बाजूला दोन भोकं पाडलीत की रेल्वेरुळांची देखभाल करणाऱ्या ट्रॅकमनचं जाकीट झालं, वर भगवं फडकं शिवा. आणि फवारणीवाल्या छोट्याच्या तोंडाला रुमाल नि हाताला मोजे जरूर चढवा. एका मुलानं घरी जाऊन बापाला विचारलं म्हणे, तुम्ही का नाही बांधत?

गळ्याचं राहिलं. दोरी, नाडी, लांब पट्टा, जे मानेभोवती बसतं आणि ओढलं तर सुटत नाही, ते सगळं टाळा. ठिबकच्या नळीलाही मध्ये जोड ठेवा, झटका बसला की सुटली पाहिजे. पातळ प्लास्टिकची पिशवी डोक्यावर किंवा तोंडावर कधीच नाही. टाचण्या नि स्टेपलच्या पिना नकोत. तीन वर्षांच्या आतलं भावंड घरात असेल तर बटणं, मणी, बाटलीची बुचं बाजूला ठेवा.

हे सगळं काही माझ्या डोक्यातून आलेलं नाही. ताराबाई मोडक यांनी 1945 च्या सुमाराला डहाणूजवळच्या बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, तेव्हा महागडी विलायती साधनं बाजूला ठेवून शंख-शिंपले, बिया, पानं, दगड हीच साधनं केली. समुद्रकाठी शिंपले; आपल्याकडे केळीची खोकी, ठिबकच्या नळ्या आणि डाळमिलच्या पिशव्या.

एक विनंती. पेटीत पोशाख ठेवताना मुलांचे नि मुलींचे असे वेगळे गठ्ठे करू नका. साताऱ्याच्या सुरेखा यादव रेल्वे इंजिन चालवू लागल्या 1988 च्या सुमाराला, आणि 2023 मध्ये सोलापूरहून मुंबईला वंदे भारत घेऊन गेल्या. आमच्या वर्गात सध्या नर्सच्या टोपीसाठी भांडणारे दोघंही मुलगे आहेत. त्यांना कुणी हसत नाही, मोठी माणसं सोडून.

दिवाळीची साफसफाई तोंडावर आलीय. बोहारीण दारात येईल, पातेलं दाखवील, जुन्यांचा ढीग उलटापालटा करील. तुम्ही आधीच त्यातून एक खाकी पॅन्ट, एक ओढणी आणि पांढरा शर्ट काढून ठेवा. ती नेमका तोच शर्ट मागेल, पातेल्याऐवजी डबा देते म्हणेल. देऊ नका.

नमस्कार.