अॅबे रोडवरचा पाहुणा

नमस्कार श्रोतेहो. आज एका आल्बमविषयी बोलायचं आहे. पिंक फ्लॉइड या ब्रिटिश बँडचा ‘विश यू वेअर हिअर’, सप्टेंबर १९७५ मध्ये आलेला. प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणजे काय, हे फार समजावत बसत नाही. लांबलचक गाणी, वाद्यांना ऐसपैस जागा आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच सूत्र, एवढं पुरे.

या आल्बमचं सूत्र आहे एक माणूस. सिड बॅरेट. नाव लक्षात ठेवा, सिड बॅरेट. केंब्रिजचा देखणा मुलगा. बँडला नाव त्यानं दिलं, सुरुवातीची बहुतेक गाणी त्यानंच लिहिली. मग एलएसडीची नशा आणि ढासळत गेलेलं मन. १९६८ मध्ये तो बँडबाहेर पडला. नशेनं प्रतिभा फुलते असं छातीठोकपणे सांगणारी मंडळी मला अजून भेटतात. सिडचं पुढं काय झालं, ते त्यांनी एकदा नीट वाचावं. असो.

बँड मोठा झाला. १९७३ च्या आल्बमनं जगभर नाव आणि पैसा दिला, आणि चौघांची मनं मात्र एकमेकांपासून लांब गेली. अशात डेव्हिड गिल्मोरच्या गिटारमधून चार स्वर निघाले. चारच स्वर. बास वाजवणाऱ्या रॉजर वॉटर्सला ते ऐकून सिड आठवला आणि त्याच्यावर नऊ भागांचं गाणं उभं राहिलं, ‘शाइन ऑन यू क्रेझी डायमंड’.

आता ऐका. ५ जून १९७५. लंडनचा अॅबे रोड स्टुडिओ. बँडचा पहिला आल्बम सिडच्या नेतृत्वाखाली याच इमारतीत झाला होता. सिडवरच्या गाण्याचं मिक्सिंग चाललंय आणि आत एक अनोळखी माणूस आलाय. स्थूल शरीर, डोक्याचा चकोट, भुवयासुद्धा भादरलेल्या, हातात प्लास्टिकची पिशवी. गिल्मोरला वाटलं, स्टुडिओचाच कुणी कर्मचारी असेल. कीबोर्डवाला रिचर्ड राइट आला, त्याला वाटलं हा वॉटर्सचा मित्र असणार. ड्रमर निक मेसनलाही ओळख पटेना. बराच वेळ असाच गेला. आणि मग एकेकाच्या ध्यानात आलं. तो सिड होता!

त्याच्यासोबत वाढलेली, त्याच्यासोबत वाजवलेली ही माणसं. आणि तो तिशीचाही नव्हता. वॉटर्सच्या डोळ्यांतून पाणी आलं. ज्याच्या नसण्यावर गाणं रचलं, तोच दारातून आत आला आणि कुणी ओळखलं नाही. पुन्हा सांगतो, ज्याच्या नसण्यावर गाणं, तोच समोर, आणि ओळख नाही. हा प्रसंग मी कितीदा सांगितला असेल, पण प्रत्येक वेळी आवाज कातर होतोच.

बाकीचं थोडक्यात. ‘हॅव अ सिगार’ हे गाणं बँडबाहेरच्या रॉय हार्पर या गायकानं गायलंय, रेकॉर्ड कंपन्यांच्या हव्यासावर ते थेट बोट ठेवतं. त्यानंतर स्टेशनं बदलल्याची खरखर येते, ती गिल्मोरच्या गाडीतल्या रेडिओची. आम्हा रेडिओवाल्यांना तिचं अप्रूप जरा जास्तच! आणि अगदी शेवटी कान टवकारून ऐका. राइट सिंथेसायझरवर हळूच एक ओळखीची धून वाजवतो, १९६७ च्या ‘सी एमिली प्ले’ची. ते गाणं सिडचं.

आल्बम मधूनच, गाणी उलटसुलट करून ऐकणं मला मुळीच मान्य नाही. विलंबित ख्याल कुणी अंतऱ्यापासून ऐकतं का? तर आता ‘शाइन ऑन’चे पहिले पाच भाग सलग लावतोय, साडेतेरा मिनिटं. गायकाचा आवाज यायला आठ मिनिटांहून जास्त वेळ लागेल. तोवर मी मध्ये बोलणार नाही आणि जाहिरातही येणार नाही.