डॉगर, फिशर, जर्मन बाइट

नमस्कार, श्रोते हो.

काही वर्षांपूर्वी तीन महिने इंग्लंडला लेकीकडे राहायला गेले होते. दिवस थंडीचे. सकाळी लेक-जावई कामाला गेले की घरात मी आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतला एक छोटासा रेडिओ. त्यावर कायम एकच केंद्र लागलेलं असायचं, बीबीसी रेडिओ फोर. जाहिरात एकही नाही, गाणी अगदी क्वचित. पहाटेपासून मध्यरात्र उलटेपर्यंत माणसं नुसती बोलतात. त्या बोलण्यानं माझा जीव कसा रमला, ते आज तुम्हाला सांगायचं आहे.

सुरुवात रात्रीपासून करते, कारण माझीही सुरुवात तिथूनच झाली. नवी जागा, झोप येईना. स्वयंपाकघरात येऊन आवाज बारीक करून रेडिओ लावला. संथ, झोके देणारी एक धून वाजत होती. 'सेलिंग बाय' तिचं नाव. काळोखात होडीवर रेडिओची सुई फिरवणाऱ्याला आपण बरोबर केंद्रावर आलो हे त्या धुनेवरून कळावं, म्हणून ती लावतात. मग बारा वाजून अठ्ठेचाळीस मिनिटांनी एक शांत आवाज नावं वाचू लागला : वायकिंग, नॉर्थ उत्सिरा, साउथ उत्सिरा, फोर्टीज, क्रोमार्टी, फोर्थ, टाइन, डॉगर, फिशर, जर्मन बाइट...

अर्थ कळला नाही, पण अंगावर काटा आला. मी मालवणची. आमच्याकडे 'मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये' हे वाक्य रेडिओवर आलं की माजघरातली बोलणी थांबायची. हेही तसंच काहीतरी आहे, हे न सांगता समजलं.

ब्रिटनभोवतीच्या समुद्राचे ३१ भाग केलेत आणि प्रत्येकाचं वारं, हवा, किती लांबवरचं दिसेल ते 'शिपिंग फोरकास्ट' नावाच्या या वार्तापत्रात सांगतात. शब्दांची मर्यादा साडेतीनशे, रात्रीच्या वार्तापत्राला थोडी जास्त. एवढ्या शब्दांत सगळा समुद्र बसवायचा! त्यामुळे एकेक शब्द मापून ठेवलेला आहे. वादळी वारे 'इमिनंट' म्हटलं की सहा तासांच्या आत. 'सून' म्हटलं की सहा ते बारा तासांत. 'लेटर' म्हणजे बारा तासांनंतर. तेवढ्या एका शब्दावर जाळं ओढायचं की आणखी थोडं थांबायचं, हे खलाशी ठरवतो. शब्दाला इतकी किंमत असलेलं लिखाण मी तरी दुसरं पाहिलेलं नाही.

त्या यादीत फिट्झरॉय हे एक नाव येतं. हा माणूस डार्विनला घेऊन गेलेल्या 'बीगल' जहाजाचा कप्तान. १८५९ साली वेल्सच्या किनाऱ्याजवळ 'रॉयल चार्टर' हे जहाज वादळात फुटलं आणि साडेचारशेच्या वर माणसं गेली. तेव्हा रॉबर्ट फिट्झरॉय हवामानखात्याचा प्रमुख होता. त्यानं तारायंत्रानं बंदरांना वादळाचे इशारे पाठवायची व्यवस्था उभी केली, १८६१ मध्ये. २००२ साली समुद्राच्या एका भागाला त्याचं नाव दिलं. जिवंतपणी त्याच्या वाट्याला टीकाच फार आली होती. आता रोज रात्री त्याचं नाव घेतलं जातं, याचं मला खरोखर समाधान वाटतं.

हे वार्तापत्र संपलं की त्यांचं राष्ट्रगीत होतं आणि एक वाजता वर्ल्ड सर्व्हिस सुरू होते. पहाटे पुन्हा पावणेसहाला शेतीचा कार्यक्रम. सहाला 'टुडे', तीन तास बातम्या आणि मंत्र्यांची उलटतपासणी. १९५७ पासून चालू आहे. तासाच्या तोंडाशी ते वेळेचे ठोके ऐकू येतात. पाच आखूड आणि सहावा लांब, आणि तास सुरू होतो तो सहाव्याच्या सुरुवातीला. ठोके १९२४ पासूनचे, सहावा लांब झाला तो मात्र बऱ्याच नंतर. जावई म्हणायचा, पहिला ठोका पडला की आपण बुटाची नाडी बांधायला घ्यायची.

दहा वाजता 'वुमन्स अवर'. १९४६ मध्ये तो सुरू झाला तेव्हा निवेदक चक्क पुरुष होता. पण बायकांनी तो कार्यक्रम आपला करून घेतला. मी भाजी चिरता चिरता ऐकायची. पाळी जाण्याच्या दिवसांपासून पगारातल्या फरकापर्यंत काहीही मोकळेपणानं बोलायच्या. आमच्या वेळी हे कुणी कानावर घातलं असतं तर किती बरं झालं असतं, असं वाटून कितीदा तरी सुरी हातातच राहिली.

गुरुवारी सकाळी नऊला 'इन अवर टाइम' या कार्यक्रमात निवेदक मेल्विन ब्रॅग तीन प्राध्यापकांना घेऊन बसायचे. कधी मधमाश्या, कधी एखादा ग्रीक तत्त्ववेत्ता. १९९८ पासून २०२५ पर्यंत त्यांनी हे केलं. विषय सोपा करायच्या नादात कधी पातळ केला नाही.

संध्याकाळी सातला मात्र मी जागेवरून हलायची नाही. 'द आर्चर्स', अँब्रिज नावाच्या काल्पनिक खेड्यातली मालिका. १ जानेवारी १९५१ ला ती देशभर सुरू झाली. युद्ध संपून पाच वर्षं झाली होती तरी रेशन चालूच होतं, अन्न पिकवायचं होतं. शेतकऱ्याला नुसतं भाषण दिलं तर तो ऐकणार नाही, गोष्टीतून सांगू, असं बीबीसीचे बर्मिंगहॅमचे निर्माते गॉडफ्री बेसली यांनी ठरवलं. मग सासू-सुनांच्या बोलण्यातून खतं यायची, दुधाच्या भावातून भांडणं. आजही शेताचं फाटक उघडल्याचा आवाज येतो तो कपड्यांच्या इस्त्रीच्या जुन्या टेबलाचा. कोकरू जन्माला येतं तेव्हा ओला टॉवेल पडतो. हे मला जावयानं सांगितलं, तरी दुसऱ्या दिवशी फाटक वाजलं आणि माझ्या डोळ्यांपुढे फाटकच आलं. चिखल, कडेची झुडपं, सगळं. ते सगळं माझं मीच रचलेलं होतं, आणि मालवणच्या आमच्या मळ्याचं बेडगं त्यात कुठून शिरलं कोण जाणे!

पावणेअकराला पुस्तकवाचन, साडेअकराला संसदेचा वृत्तांत, बाराला बिग बेनचे टोले. तोवर घरातले सगळे झोपलेले असायचे.

निघायच्या आदल्या रात्री बॅगा भरून झाल्या होत्या. मी खाली येऊन बसले. 'सेलिंग बाय' झालं, वायकिंगपासून सुरुवात झाली. नावं मला आता क्रमानं येत होती. बिस्के, ट्रफल्गार, फिट्झरॉय, सोल मी आवाजाबरोबर म्हणत होते. जिन्यावर पावलं वाजली. लेक डोळे चोळत दारात उभी.

"आई, पहाटे निघायचंय. अजून जागीच?"

"थांब गं," मी म्हटलं, "लंडी, फास्टनेट होऊ दे."

ती काही बोलली नाही. शेजारची खुर्ची ओढून बसली.