हरकती-सूचनांच्या आधी

पालिका आणि नागरिक यांच्या नात्याबद्दल बोलायचं तर सुरुवात सभागृहापासून नको, वेळापत्रकापासून करू. लोकांना विचारायला बहुतेक पालिकांची ना नसते. त्या विचारतात, पण फार उशिरा. आराखडा तयार, खर्चाचा अंदाज मंजूर, निविदेचा मसुदा टेबलावर, आणि मग सूचनाफलकावर कागद लागतो: ‘हरकती व सूचना मागवण्यात येत आहेत.’ त्या टप्प्यावर एखाद्या बाईंनी उठून सांगितलं की गटाराचा उतारच उलटा धरलाय, तर अभियंत्याला ते पटूनही फारसं काही करता येत नाही. अंदाज पुन्हा, तांत्रिक मंजुरी पुन्हा, निविदा पुन्हा. मग तो म्हणतो, ‘नोंद घेतली.’ दोनदा ‘नोंद घेतली’ ऐकलेली माणसं तिसऱ्या सभेला येत नाहीत, आणि कार्यालयात निष्कर्ष निघतो की लोकांना रसच नाही.

शेरी अर्नस्टाइन या अमेरिकी अभ्यासक बाईंनी १९६९ मध्ये सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. तळाशी लोकांना गुंडाळणं आणि त्यांची समजूत काढणं. त्यावर माहिती देणं, मत विचारणं, थोडं चुचकारणं. वरच्या तीन पायऱ्या भागीदारी, सोपवलेले अधिकार आणि नागरिकांचं नियंत्रण यांच्या. ही शिडी बघून काहींना वाटतं की प्रत्येक कामात शेंड्यालाच पोचायला हवं. तसं नाही. जलवाहिनी फुटल्यावर मतदान घ्यायचं नसतं. तिथे पाणी किती वाजता येईल आणि टँकर कुठे उभा राहील हे वेळेवर कळवणं, एवढंच पुरतं. घोळ होतो तो पायरी एक आणि पाटी दुसरीच असते तेव्हा. निर्णय झालेला असतो आणि बोलावणं ‘चर्चे’चं असतं. म्हणून निमंत्रणातच तीन ओळी छापा: काय ठरलंय, काय ठरायचं बाकी आहे, आणि शेवटची सही कोणाची. तिसरी ओळ छापायला अधिकारी सर्वांत जास्त कचरतात.

आता पैशाकडे येऊ, कारण पैसा बाजूला ठेवून केलेला सहभाग लवकरच करमणुकीच्या वळणावर जातो. ब्राझीलमधल्या पोर्तु अलेग्रे शहरात १९८९ मध्ये, महापौर ओलिव्हिउ दुत्रा यांच्या काळात, भांडवली खर्चाचा, म्हणजे रस्ते-पाइपांसारख्या टिकाऊ कामांवरच्या खर्चाचा, अग्रक्रम लोकांकडून ठरवून घ्यायला सुरुवात झाली. शहराचे १६ विभाग केले. विभागाच्या सभेला माणसं किती आली त्यावर त्यांचे प्रतिनिधी ठरत, पण हिशेब सरळ नव्हता. शंभरापर्यंतच्या हजेरीला दर दहा माणसांमागे एक प्रतिनिधी, त्यापुढे वीसांमागे एक, मग तीसांमागे, मग चाळीसांमागे. म्हणजे गाड्या भरभरून माणसं आणणाऱ्याचा फायदा घटत जातो आणि चाळीस जण घेऊन आलेल्या छोट्या वस्तीचंही वजन राहतं. पैसे वाटतानाही नुसता आवाज मोजला जात नसे. सुविधेचा अभाव, लोकसंख्या आणि त्या विभागानं स्वतः लावलेला क्रम, अशा तीन गोष्टींना गुण होते. सांडपाण्याची सोयच नसलेल्या वस्तीला त्यामुळे पुढे येता आलं.

पण पहिली दोन वर्षं हा प्रयोग जवळजवळ आपटला होता. उत्पन्नाचा फार मोठा हिस्सा पगारात जात होता. लोकांनी यादी दिली, कामं झाली नाहीत, आणि १९९० मध्ये सभांची हजेरी हजाराच्या आत राहिली. करांची घडी बसवल्यावर, केंद्राकडून येणारा वाटा वाढल्यावर पाइप आणि रस्ते दिसू लागले, तेव्हा १९९३ मध्ये तीच हजेरी दहा हजारांच्या वर गेली. मधल्या काळात कुणी भाषणं सुधारली नव्हती. २०१७ मध्ये मात्र त्याच शहरात ही प्रक्रिया स्थगित करण्यात आली. तेव्हा ही व्यवस्था एकदा बसवली की आपोआप चालते असं समजू नका.

किती रक्कम लोकांच्या हाती द्यायची? पॅरिसनं २०१४ पासून भांडवली खर्चाच्या पाच टक्क्यांच्या आसपासचा वाटा यासाठी ठेवला. पोलंडमध्ये २०१८ च्या कायद्यानं मोठ्या शहरांना खर्चाच्या किमान अर्धा टक्का इतकी तरतूद बंधनकारक केली. न्यूयॉर्कमध्ये २०११ साली चार नगरसेवकांनी प्रत्येकी किमान दहा लाख डॉलर मतदानाला ठेवून सुरुवात केली. तिथली अट लक्षात ठेवण्याजोगी आहे: काम भांडवली हवं आणि किमान पाच वर्षं टिकणारं हवं. याचा अर्थ बाक, दिवे, शाळेतली प्रसाधनगृहं बसतात, पण वाचनालयात संध्याकाळी बसणारा माणूस बसत नाही. लोकांना हा फरक पहिल्याच दिवशी सांगायला हवा. भांडवली तरतुदीतून बाग होते, माळी मिळत नाही. ज्या कामाचा वार्षिक देखभाल खर्च कुणाच्या माथी हे लिहिलेलं नाही, ते मतपत्रिकेवर येताच कामा नये.

वर्षाची आखणी उलटीकडून करा. अंदाजपत्रकाचा मसुदा ज्या महिन्यात पक्का होतो, त्याच्या तीन महिने आधी लोकांचा निकाल हातात हवा. मतदानाला दोन-तीन आठवडे, सूचना गोळा करायला सहा. मधली छाननी हा गाभा, आणि कात्री नेमकी तिच्यावरच चालते. हिशेब करून बघा. ३०० सूचना आल्या आणि प्रत्येकीला जागा पाहणं, नकाशा काढणं, ढोबळ अंदाज लावणं यासाठी फक्त दोन तास धरले, तर ६०० तास होतात. आठवड्याला ४० तासांप्रमाणे एका अभियंत्याचे १५ आठवडे, तेही दुसरं काहीही न करता. त्याला पंधरा दिवस दिले तर तो कागदावर ‘व्यवहार्य नाही’ असा शेरा मारण्यापलीकडे काय करणार? म्हणून आधी एकसारख्या सूचना जोडून घ्या, आणि त्या जोडताना सूचना देणाऱ्यांना समोर बसवा. नाहीतर ‘माझी सूचना गायब केली’ असं भांडण उभं राहतं.

छाननी म्हणजे काय, ते एका सूचनेवर पाहू. कुणीतरी लिहिलं: ‘चौकातल्या पदपथाला चाकाच्या खुर्चीसाठी उतार करावा.’ वाचायला सोपी. कडेचा दगड रस्त्यापासून १५० मिलिमीटर उंच आहे. उतार बारास एक धरायचा, म्हणजे लांबी १,८०० मिलिमीटर. वर खुर्ची वळवायला १,२०० मिलिमीटर सपाट जागा हवी. झाले तीन मीटर, आणि पदपथ आहे जेमतेम १.८ मीटर रुंद. सांगितल्यासारखा उतार तिथे मावतच नाही. घाईतला अभियंता इथे थांबतो आणि नकार लिहितो. वेळ असलेला अभियंता पदपथच तेवढ्या भागात रस्त्याच्या पातळीला उतरवतो: मध्ये दीड मीटर सपाट, दोन्ही बाजूंना पदपथाच्या लांबीत १.८ मीटरचे उतार. एकूण साधारण पाच मीटर. आता त्या पाच मीटरांत एक चेंबर येतं, त्याचं झाकण खाली घ्यावं लागतं. पाणी ओढणारी जाळी वरच्या अंगाला सरकवावी लागते, नाहीतर डबकं नेमकं ओलांडायच्या जागी. आणि कडच राहिली नाही की पांढरी काठी घेऊन चालणाऱ्याला पदपथ कुठे संपला ते कळत नाही, म्हणून तिथे ठिपक्यांच्या उठावदार फरशा. सूचना तीच, खर्च मात्र काही पट. हा आकडा मतपत्रिकेवर जाण्याआधी निघायला हवा. वर दहा-पंधरा टक्के आकस्मिक खर्चाला ठेवा, कारण जमिनीखालच्या केबल नकाशात दाखवलेल्या जागी क्वचितच सापडतात.

पाहणीला खुर्ची वापरणारा माणूस सोबत असेल तर आणखी एक गोष्ट कळते, जी कुठल्याच नकाशात नसते: जाळीच्या फटी चाकाला समांतर असल्या तर पुढचं छोटं चाक त्यात अडकतं. फटी आडव्या हव्यात.

मतदानाकडे लोक तितकंसं बारकाईनं बघत नाहीत, आणि तिथे अन्याय सहज शिरतो. समजा शंभर मतदार. साठ एका मोठ्या वसाहतीतले, चाळीस छोट्या वस्तीतले, आणि सगळे आपापल्या भागाच्या कामांना मत देतात. मतं उतरत्या क्रमानं लावून पैसे संपेपर्यंत कामं घेतली, तर साठ मतांची सगळी कामं आधी येतात आणि चाळीस जणांना शून्य मिळतं. नियम कुणीच मोडलेला नसतो. साधा उपाय म्हणजे रकमेचे भाग पाडायचे, काही भागवार आणि काही अख्ख्या शहरासाठी. दुसरा उपाय समान वाट्याचा. प्रत्येक मतदाराच्या नावावर रकमेचा सारखा हिस्सा धरायचा. एखाद्या कामाच्या पाठीराख्यांच्या हिश्श्यांतून त्याचा खर्च निघत असेल तर ते मंजूर, आणि तेवढी रक्कम त्यांच्या हिश्श्यांतून वजा. मग चाळीस टक्के लोकांना साधारण चाळीस टक्के पैशावर आपली छाप उमटवता येते. पोलंडमधल्या व्हिएलिच्का शहरानं २०२३ मध्ये ही पद्धत प्रत्यक्ष वापरली. गणित संगणक करतो, पण निकाल समजावून सांगायला माणूस लागतो. तो तक्ता आधीच तयार ठेवा.

सभेला येतं कोण, हा जुना प्रश्न. तेच वीस-पंचवीस चेहरे, त्यातले चार माईक न सोडणारे. त्यांच्यावर रागावून उपयोग नाही, तेच नियमित येतात. त्यापेक्षा बसायची रचना बदला. सात-आठ जणांची टेबलं, सुरुवातीला पाच मिनिटं प्रत्येकानं चिठ्ठीवर लिहायचं, मग बोलायचं. मुद्दे मोठ्या कागदावर सगळ्यांसमोर उतरवायचे, म्हणजे इतिवृत्तावरून नंतर वाद होत नाही. मुलांना सांभाळायची सोय केली की आया येतात. हे इतकं साधं आहे, तरी बहुतेक सभांच्या खर्चात ती ओळ नसते.

आणि जे येतच नाहीत त्यांच्यासाठी सोडत. पॅरिसनं २०२१ मध्ये सोडतीनं निवडलेल्या शंभर नागरिकांची कायमची सभा स्थापन केली. लहान शहरानं चाळीस जण धरावेत. शंभर पत्रांमागे चार-पाचच होकार येतील असं गृहीत धरून काही हजार पत्रं पाठवा. होकारांतून वय, लिंग, भाग, शिक्षण पाहून दुसरी सोडत काढा, आणि बुडणाऱ्या रोजाची भरपाई द्या. यादी मात्र मतदारांची घेऊ नका, तीत नवे भाडेकरू निसटतात. पत्त्यांची यादी घ्या.

छोट्या मंडळांना दिल्या जाणाऱ्या अनुदानाबद्दल एकच सांगतो. ‘आधी खर्च करा, पावत्या आणा, मग पैसे’ ही पद्धत हिशेबाला सुरक्षित वाटते, पण त्यामुळे ज्यांच्याकडे आधीच पैसा आहे तेच अर्ज करतात. बहुतांश रक्कम आगाऊ द्या, उरलेली काम पाहून.

उत्तराचं काय? प्रत्येक सूचनेला क्रमांक, आणि त्या क्रमांकाला चार रकान्यांचं उत्तर: निर्णय, कारण, कोणी घेतला, आणि काय बदललं तर तो बदलेल. ‘व्यवहार्य नाही’ हे कारण नव्हे. जागा पालिकेची नाही, तरतूद नाही, किंवा दुसरं काम जास्त गरजेचं वाटलं, यातलं जे असेल ते लिहा. तिसरं लिहायला धैर्य लागतं, पण लोक त्यावरच सर्वांत कमी चिडतात. तक्रारींचंही तसंच. ब्रिटनमध्ये २००७ साली सुरू झालेल्या फिक्समायस्ट्रीट या संकेतस्थळावर तक्रार नकाशावर सर्वांना दिसते, त्यामुळे एकाच खड्ड्याची पन्नास वेळा नोंद करायची गरज उरत नाही. ‘तक्रार बंद’ आणि ‘दुरुस्ती झाली’ हे दोन वेगळे रकाने ठेवा. आपल्या बऱ्याच यंत्रणांत ते एकच असतात, आणि खड्डा तसाच असताना मोबाइलवर ‘बंद’ असा संदेश येतो.

त्या चौकातल्या उताराचंही शेवटचं बिल काढण्याआधी पहिला मोठा पाऊस होऊ द्या. मग सूचना देणारा, खुर्ची वापरणारा आणि अभियंता अशा तिघांनी तिथे जायचं. डबकं साचलेलं असेल तर ठेकेदार अजून हाताशी असतो.