तिसरीच लढत

(जुनी चित्रफीत. रिंगमध्ये दोन बॉक्सर.)

बँकॉक, १५ जुलै १९७५. या डाव्या हातावर नजर ठेवा. हा सेनसाक मुआंगसुरिन. समोर स्पेनचा पेरिको फर्नांदेस, जागतिक बॉक्सिंग परिषदेचा सुपर लाइटवेट गटातला जगज्जेता. सेनसाकची व्यावसायिक बॉक्सिंगमधली ही तिसरी लढत. पहिली लढत होऊन अजून वर्षही उलटलेलं नाही.

आठव्या फेरीत सामना संपतो.

तीन लढती आणि जगज्जेतेपद. हे ऐकल्यावर पहिला शब्द तोंडात येतो तो नशीब. ही फीत आम्ही पुन्हा पुन्हा पाहिली. ठोसा चुकवताना सेनसाकची मान किती थोडी हलते, पाहा. नवख्याची मान अशी हलत नाही.

(मुए थाईचा आखाडा. गुडघ्यावर बसून वंदन करणारा लढवय्या.)

त्याची खरी शाळा ही. मुए थाई. लढतीआधी गुरूला वंदन, डोक्यावर कडं, आणि मागे सनईच्या जातीचं वाद्य आणि ढोल. मग सुरू होते मारामारी: हात, पाय, गुडघे, कोपरं, सगळं चालतं. सेनसाक या खेळातला नावाजलेला गडी होता. त्या लढती बॉक्सिंगच्या नोंदवहीत धरल्या जात नाहीत, म्हणून कागदावर त्याचा अनुभव शून्य.

तिथून इकडे येणं मात्र सोपं नव्हतं. मुए थाईत अंग ताठ ठेवून उभं राहतात, पुढचा पाय हलका. समोरून लाथ आली की ती अडवायला तो पाय क्षणात वर यायला हवा. बॉक्सिंगमध्ये असं उभं राहिलात तर ठोशात वजन उतरत नाही. म्हणजे गुडघे वाकवायचे, भार पुढे आणायचा, कमरेतून वळायचं. वर्षानुवर्षांची सवय मोडायची. दमाचा हिशोबही निराळा. मुए थाईत पाच फेऱ्या आणि मध्ये दोन मिनिटांची विश्रांती. बॉक्सिंगच्या जागतिक लढतीला तेव्हा पंधरा फेऱ्या असायच्या, आणि मध्ये एकच मिनिट.

पण अंतराचा अंदाज नव्यानं शिकावा लागला नाही. मार बसत असताना डोळे उघडे ठेवणं शिकावं लागलं नाही. आणि तो डावा हात तर होताच.

त्याच्या दुसऱ्या लढतीकडे सहसा कुणी पाहत नाही. ती होती जपानच्या लायन फुरुयामाशी. याच फुरुयामाला १९७४ साली रोममध्ये गुणांवर हरवून फर्नांदेस जगज्जेता झाला होता. सेनसाकनं फुरुयामाला सातव्या फेरीत थांबवलं. म्हणजे मोजणी तीनची असली, तरी दुसरी परीक्षाच जगज्जेत्याच्या तोडीची होती. ज्यानं हा प्रतिस्पर्धी निवडला, त्याला बॉक्सिंग कळत होतं.

पुढे सेनसाकनं जगज्जेतेपदाचा पट्टा गमावला, परत मिळवला, १९७८ च्या अखेरीस पुन्हा गमावला. एका डोळ्याची दृष्टी गेली. २००९ मध्ये तो वारला.

(लास व्हेगास. दात नसलेलं हसू.)

हे हसू जगभर गाजलं. लिऑन स्पिंक्स, १५ फेब्रुवारी १९७८. सात लढतींचा अनुभव घेऊन तो महंमद अलीसमोर उभा राहिला आणि पंधरा फेऱ्यांनंतर जिंकला. अली दोरांना टेकून त्याला दमवू पाहतोय, पण हा दमतच नाही. स्पिंक्सकडे १९७६ च्या मॉन्ट्रिअल ऑलिंपिकचं सुवर्णपदक होतं, हे सांगायचं बहुतेक वेळा राहून जातं. सात महिन्यांनी अलीनं पट्टा परत घेतला.

(सराव. कपाळावरच्या पट्टीला दोरीनं बांधलेला चेंडू.)

आता हे पाय. हात नंतर पाहा. युक्रेनचा वासिल लोमाचेन्को प्रतिस्पर्ध्याच्या समोर असतो, आणि डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच त्याच्या बाजूला. वडील अनातोली हेच त्याचे प्रशिक्षक. त्यांनी लहानपणी मुलाचं बॉक्सिंग थांबवून त्याला पारंपरिक नाच शिकायला पाठवलं. मग हौशी बॉक्सिंग: ३९६ विजय, एक पराभव. बीजिंग आणि लंडन, दोन्ही ऑलिंपिकची सुवर्णपदकं.

व्यावसायिक झाल्यावर दुसऱ्याच लढतीत त्यानं जगज्जेत्या ओरलांडो सालिडोला गाठलं. सालिडोच्या गाठीशी पन्नासहून जास्त लढती.

(वजनकाटा.)

सालिडोचं वजन गटाच्या मर्यादेपेक्षा जास्त भरलं, तो पट्टा काट्यावरच गमावून बसला. लढत मात्र झाली. हे कमरेखालचे ठोसे पाहा. ही मिठी पाहा, हात अडकवून ठेवणारी. हौशी बॉक्सिंगच्या तीन फेऱ्यांत हे शिकायला वेळच मिळत नाही. आम्ही ज्या अनुभवाचं मोल सांगतोय, त्यालाही इथे मर्यादा पडली, आणि ती दाखवायलाच हवी. बाराव्या फेरीत सालिडो पडता पडता वाचला, पण निकाल दोन विरुद्ध एक असा त्याच्या बाजूनं गेला.

साडेतीन महिन्यांनी, २१ जून २०१४ ला, कॅलिफोर्नियातल्या कार्सनमध्ये समोर होता अपराजित गॅरी रसेल. जागतिक बॉक्सिंग संघटनेचा फेदरवेट पट्टा लोमाचेन्कोकडे गेला. तिसरी लढत. सेनसाकची बरोबरी.

(डेट्रॉइट. महिला बॉक्सर रिंगमध्ये येते.)

क्लॅरेसा शील्ड्स. मिशिगनमधल्या फ्लिंटची. अकराव्या वर्षी तिनं हातमोजे घातले. तेव्हा ऑलिंपिकमध्ये महिलांचं बॉक्सिंगच नव्हतं. २०१२ मध्ये लंडनला ते पहिल्यांदा आलं आणि तिनं सुवर्ण घेतलं. २०१६ ला रिओत पुन्हा घेतलं. ऑगस्ट २०१७ मधली ही तिची चौथी व्यावसायिक लढत, जर्मनीच्या निक्की अॅडलरशी.

पाचव्या फेरीत पंच मध्ये येतात. दोन पट्टे एकाच रात्री.

निवेदक तिची नोंद वाचून दाखवतो: चार लढती, चार विजय. त्याआधीच्या हौशी लढती अठ्ठ्याहत्तर. त्यांतल्या सत्त्याहत्तर तिनं जिंकल्या होत्या.